लाकडी फरशीची निगा कोणी राखायची?

घर घेताना आपली माणसे सगळे पाहतात. भिंतीचा रंग पाहतात, खिडकीचे गज पाहतात, ओटा कडप्प्याचा आहे की ग्रॅनाइटचा हे विचारतात. जमिनीकडे मात्र नजर शेवटी जाते. वास्तविक घरात सर्वांत जास्त झिजते ती जमीन आणि रोज जिची सेवा करावी लागते तीही जमीनच. ती सेवा कोण करते, कशी करते आणि तिचे मोल काय, याचा विचार कुटुंबाच्या पानावर व्हायला हवा असे आम्हांला वाटते.

आपल्या मागच्या दोन-तीन पिढ्यांचा प्रवास जमिनीवरूनच सांगता येईल. गावाकडे शेणामातीने सारवलेली जमीन होती. शहरात आलो तेव्हा शहाबादी फरशी आली. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. निजामाच्या राज्यात ते आणि आपला मराठवाडा एकाच सत्तेखाली होते, त्यामुळे हा दगड आपल्याकडे घरोघरी पोहोचला. पुढे नोकरदारांच्या घरांत मोझॅक आले, मग चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. आता सिडकोत, बीड बायपासला, सातारा परिसरात आपल्या मुलामुलींनी घेतलेल्या फ्लॅटमध्ये एखाद्या खोलीत लाकडी फरशीही दिसू लागली आहे. ती पाहून आम्हांला आनंद होतो. आमची आई सांगे, गावातल्या वाड्याच्या माडीवर सागाच्या फळ्यांची जमीन आहे म्हणतात. म्हणतात, कारण तिने ती कधी पाहिली नव्हती. अंगण झाडायचे, शेणाची पाटी टाकायची आणि पायरीखालूनच परत फिरायचे, एवढाच तिचा त्या वाड्याशी संबंध होता. ज्यांच्या आजीला पायरी चढता आली नाही, त्यांच्या नातीच्या खोलीत आज लाकडी फरशी आहे. ही लहान गोष्ट नाही.

पण ही फरशी घेताना तिच्या निगेचे ज्ञान बरोबर मिळत नाही. दुकानदार रंग दाखवतो, भाव सांगतो आणि मोकळा होतो. आम्हांला हे ज्ञान मिळाले ते एका फरासाकडून.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा, म्हणजे २००४ साली, तेव्हाच्या औरंगाबादेतील आमची कचेरी निजामकाळी बांधलेल्या इमारतीत होती. वरच्या मजल्यावर अभिलेख कक्ष, आणि त्याची जमीन सागाच्या फळ्यांची. नवीन लिपिकाला पहिले काम तिथेच मिळायचे. लाल कापडात बांधलेले बस्ते सोडायचे, क्रमांक लावायचे, पुन्हा बांधायचे. त्या खोलीची साफसफाई एका फरासमामांकडे होती. आपल्याच समाजातले, शाळा तिसरीपर्यंत झालेली. पण त्या फळ्यांविषयी त्यांना जे माहीत होते ते कुठल्याही पुस्तकात आम्हांला तोवर वाचायला मिळाले नव्हते.

मामा खोलीत आले की आधी बादली बाहेर ठेवत. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "भाऊसाहेब, लाकडाला पाणी पाजायचं नसतं. त्याचं नुसतं तोंड पुसायचं."

त्यांची पद्धत अशी होती. रोज सकाळी मऊ केरसुणीने फळ्यांच्या रेघांच्या दिशेने झाडायचे. आठवड्यातून एकदा सुताराकडून आणलेला बारीक भुसा, त्यावर जेमतेम पाण्याचा हात फिरवून, जमिनीवर पसरायचा आणि झाडून घ्यायचा. धूळ भुशाला चिकटून निघे, उडत नसे, त्यामुळे बस्त्यांवरही बसत नसे. कपड्याने पुसायचे तर कपडा इतका पिळायचा की पुसलेली जागा मिनिटाभरात सुकली पाहिजे. वर्षातून एकदा, पावसाळा संपून दिवाळीच्या आत, मधमाशीचे मेण आणि टर्पेंटाइन यांचे मलम करून फळ्यांवर चोळायचे आणि जुन्या घोंगडीच्या तुकड्याने चमक येईपर्यंत घासायचे. मेण वितळवताना डबा कधीही उघड्या जाळावर ठेवत नसत. गरम पाण्याच्या पातेल्यात डबा, आणि टर्पेंटाइन घालायचे ते पातेले चुलीवरून उतरवून दूर नेल्यावर. कुठे फळी करकरू लागली की दोन फळ्यांच्या फटीत शंखजिऱ्याची पूड टाकत. आवाज बंद होई.

मामा २००९ साली निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी नेमले गेले नाही. कंत्राटी माणसे आली, ती फिनेलच्या पाण्याने खोली धुऊ लागली. काही वर्षांत फळ्या काळवंडल्या, कडेने कुजल्या, आणि शेवटी उखडून त्यावर टाइल्स बसल्या. तीस वर्षे ज्यांनी ती जमीन राखली त्यांच्या सेवापुस्तकात तिच्याविषयी एक ओळ नव्हती. अकुशल कामगार, एवढीच नोंद होती. कुशल आणि अकुशल ही विभागणी नेमकी कोणी ठरवली, हा प्रश्न आम्हांला तेव्हापासून पडलेला आहे.

आता लाकडाचा स्वभाव थोडा समजून घेऊ. झाड तोडले, फळी झाली, तरी लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलावा घेतला की फळी रुंदीला फुगते, सोडला की आकसते. लांबीत फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे वैशाखात हवा ठणठणीत कोरडी असते आणि श्रावणात दमट, म्हणून उन्हाळ्यात फळ्यांमध्ये बारीक फटी दिसतात आणि पावसाळ्यात त्या आपोआप बुजतात. हा दोष नव्हे. अशा फटी उन्हाळ्यात लांबी भरून बुजवल्या तर पावसाळ्यात फळीला फुगायला जागा उरत नाही आणि ती वर उचलते.

सागाला जुन्या लोकांनी मान दिला तो याचसाठी. सागात नैसर्गिक तेल असते, वाळवी त्याला सहजी लागत नाही आणि इतर लाकडांच्या मानाने तो फुगतो-आकसतो कमी. आपल्या राज्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग प्रसिद्ध आहे. दिल्लीत २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, त्या इमारतीसाठी सागवान नागपूरहून गेले आणि बांबूची फरशी त्रिपुरातील आगरतळ्याहून आली.

लाकूड किती टिकते याचा सर्वांत मोठा पुरावा तर आपल्या लेण्यांत आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात छताला लाकडी फासळ्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते लाकूड आजही जागेवर आहे. शेजारच्या भाजे लेण्यातही असेच जुने लाकूड आहे. पाऊस नाही, साचलेले पाणी नाही, वारा खेळता. म्हणून ते राहिले. आपल्या वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराचे झोपडे म्हणतात, तिथे याच लाकडी फासळ्यांची नक्कल दगडात कोरली आहे. कोरड्या जागी लाकूड शतके काढते आणि ओलीत पाच वर्षांत संपते, एवढे त्यातून शिकावे.

विहाराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. विनयपिटकातील महावग्गात, शिष्याने उपाध्यायांची राहण्याची जागा कशी स्वच्छ करावी याची पद्धत दिली आहे. आधी पात्र, चीवर आणि आसने बाहेर काढावीत. मंचक दाराला न आपटता बाहेर न्यावा. जाळी-जळमटे दिसली तर वरून काढीत खाली यावे. भिंत किंवा जमीन रंग देऊन तयार केलेली असेल तर कपडा ओला करून, पिळून मग पुसावी. जमीन नुसती मातीची असेल तर पाणी शिंपडून झाडावी, म्हणजे धूळ उडणार नाही. पिळलेल्या कपड्याची ही गोष्ट वाचली आणि आम्हांला फरासमामाच आठवले. महत्त्वाचे ते पुढे आहे. शिष्य आजारी असेल तर हीच सगळी कामे उपाध्यायांनी शिष्यासाठी करायची आहेत. झाडणे-पुसणे हे अमक्याचेच काम, असे तिथे म्हटलेले नाही. ज्याला बळ आहे त्याने ज्याला बळ नाही त्याच्यासाठी करावे, असा तो नियम आहे.

हे सांगण्याचे कारण गेल्या पावसाळ्यात घडले. आमच्या वस्तीतील एक मावशी चार घरी झाडू-पोछाचे काम करतात. पैकी एक घर आपल्याच समाजातील एका अधिकारी दांपत्याचे. सुशिक्षित, चळवळीला वर्गणी देणारे, अभ्यासिकेला पुस्तके देणारे. त्यांनी दीड वर्षापूर्वी मुलीच्या खोलीत लाकडी फरशी बसवून घेतली. पाऊस सुरू झाल्यावर खोलीच्या मधोमध फळ्या डोंगरासारख्या वर आल्या आणि गॅलरीच्या दाराजवळच्या फळ्यांच्या कडा फुगल्या. ज्याने फरशी बसवली त्याला फोन केला तर तो म्हणाला, तुमची बाई पाणी जास्त वापरत असेल. झाले. मावशींचा पगार महिना बाराशे, त्यातून पाचशे रुपये कापायला सुरुवात झाली. मावशी आमच्याकडे आल्या ते दोन महिन्यांची कपात झाल्यावर. त्या म्हणाल्या, "दादा, मी पाणी सांडलं असतं तर सांगितलं असतं. पण मी कुठं सांडलं ते तरी मला दाखवा म्हणावं."

आम्ही रविवारी त्या घरी गेलो. चहा झाला. गृहस्थ म्हणाले, "भाऊ, तुम्ही मावशींच्या बाजूने येणार हे माहीत होतं." आम्ही म्हटले, आधी फरशीच्या बाजूने पाहू.

ती फरशी म्हणजे खरे तर लॅमिनेट होते. लाकडाचा भुगा दाबून केलेला तक्ता, त्यावर लाकडाच्या रेघांचे छापील चित्र आणि त्यावर कठीण पारदर्शक थर. या तक्त्याच्या कडेतून पाणी शिरले की तो फुगतो आणि सुकल्यावरही पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. आता प्रश्न पाणी कुठून आले हा होता. पोछ्याने नुकसान झाले असते तर सगळ्या खोलीभर, विशेषतः जिथे रोज जास्त पुसले जाते त्या दारातल्या वाटेवर, प्रत्येक सांधा थोडा थोडा फुगला असता. तिथले सांधे तर सपाट होते. फुगले होते फक्त गॅलरीच्या दाराशी, एका ओळीत. सरकत्या काचेच्या चौकटीखाली बोट घातले तर ओल लागली. पावसाचे पाणी तिथून आत येत होते.

मधला डोंगर राहिला. आम्ही भिंतीच्या कडेची एक पट्टी काढायला लावली. फळी भिंतीला घट्ट टेकलेली होती. अशी फरशी बसवताना चारही भिंतींशी साधारण १० मिलिमीटर जागा मोकळी सोडायची असते आणि ती पट्टीखाली झाकायची असते. पावसाळ्यात फळ्या फुगल्या की त्या मोकळ्या जागेत सरकतात. इथे जागाच नव्हती, म्हणून त्या मधे उचलल्या. सुताराला बोलावून कडा कापून घेतल्या, वर वजने ठेवली, आठवड्यात डोंगर बसला. गॅलरीजवळच्या चार फळ्या मात्र बदलाव्या लागल्या, आणि चौकटीची गळती बंद करावी लागली.

त्या गृहस्थांनी कापलेले हजार रुपये परत केले आणि मावशींना नमस्कार करून, चूक झाली असे म्हणाले. आम्हांला त्यांच्याविषयी आदर वाटला. मावशींनी पैसे घेतले, काम मात्र सोडले. आम्ही कारण विचारले तर म्हणाल्या, "पैशाचं नाही दादा. नाव लागलं ना एकदा." आता त्या खोलीची फरशी ते गृहस्थ स्वतः पुसतात, रविवारी मुलगी पुसते. मावशींना दुसरे घर मिळाले आहे. हा हिशेब जुळला असे आम्हांला म्हणता येत नाही. रकमेचा ताळेबंद जुळला, बाकीचे जमेस धरायला वहीत रकानाच नसतो.

या प्रसंगानंतर काही घरांतून आमच्याकडे विचारणा झाली, म्हणून लाकडी फरशीच्या निगेची माहिती इथे एकत्र देत आहोत.

पहिली गोष्ट, आपली फरशी कोणत्या प्रकारची आहे ते विचारून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. अखंड लाकडाची फळी असेल तर ती झिजल्यावर घासून पुन्हा पॉलिश करता येते, आणि असे अनेकदा करता येते. वरून खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायवूडसारखे थर, अशी फळी असेल तर एखाद-दुसऱ्या वेळीच घासता येते. लॅमिनेट असेल तर कधीच घासता येत नाही. तिन्ही दिसायला सारखी, भावात आणि आयुष्यात फार वेगळी.

दुसरी गोष्ट, लाकडाचा खरा शत्रू पाण्याइतकाच धूळ आहे. धुळीतले वाळूचे कण पायाखाली पॉलिशकागदाचे काम करतात. म्हणून दाराबाहेर एक आणि आत एक पायपुसणे ठेवा आणि रोज मऊ झाडूने झाडा. चाकाच्या खुर्च्या, खडे अडकलेल्या चपला या फरशीवर नकोत. टेबल-कपाटाच्या पायांखाली जाड लोकरीचे किंवा नमद्याचे तुकडे चिकटवा. कपाट ओढू नका, दोघांनी उचला.

तिसरी गोष्ट, पुसण्यासाठी कपडा ओला नको, दमट हवा. पिळून थेंब पडायचा थांबला की मगच जमिनीला लावा, आणि फळीच्या लांबीच्या दिशेने पुसा. आठवड्यातून एक-दोनदा पुसणे पुरेसे असते. पाणी सांडले तर लगेच कोरड्या कपड्याने टिपा. वाफेचे यंत्र या फरशीवर वापरू नये, वाफ सांध्यांत शिरते. या पद्धतीला अर्धी बादली पाणीही लागत नाही. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येण्याचे दिवस ज्या शहराने काढले, त्या शहरातल्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

चौथी गोष्ट, फिनेल, ॲसिड, सोडा, कपड्याची पावडर आणि ब्लीचिंग यांपैकी काहीही लाकडाला लावू नये. पॉलिशचा थर निघून जातो. थर शाबूत आहे का हे पाहायचे असेल तर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर थर चांगला आहे. थोड्या वेळात जिरला आणि डाग काळसर झाला तर पॉलिश गेले आहे, सुताराला बोलवा. पीयूचे पॉलिश असेल तर त्यावर मेण लावू नका. पुढे पुन्हा पॉलिश करायचे झाले तर ते मेणावर धरत नाही.

पाचवी गोष्ट, जवसाच्या तेलाविषयी. आपल्या मराठवाड्यात जवस होतो, त्याची चटणी आपण खातो. त्याचे तेल रंगाच्या दुकानात लाकडासाठी मिळते आणि अखंड लाकडाला ते चांगले मानवते. पण तेल लावलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना हवेशी संयोग होऊन गरम होते, आणि बोळ्यातली उष्णता बाहेर जाऊ शकली नाही तर फडके आपोआप पेट घेते. काम झाले की फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

सहावी गोष्ट, कडक ऊन पडते तिथे पडदा लावा, नाहीतर सतरंजीखालचा रंग वेगळा आणि उघड्या भागाचा वेगळा दिसतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा भिंतीच्या कडेने बॅटरी लावून पाहा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आली असे समजा आणि उशीर करू नका.

बहुतेक वाचकांच्या घरी लाकूड नाही, शहाबादी, कोटा किंवा टाइल्स आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठीही दोन गोष्टी. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर ॲसिड टाकले की फेस येतो. तो फेस म्हणजे मळ निघत नसून दगडच विरघळत असतो. मोझॅकमधल्या संगमरवरी कपच्यांचे तेच होते. आणि जिवाशी संबंधित दुसरी गोष्ट: संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो. हे काम करणाऱ्या भगिनीला ही गोष्ट आपण होऊन सांगा. बाटलीवरची बारीक अक्षरे तिने वाचावीत अशी अपेक्षा धरू नका.

कामाच्या साधनांविषयीही बोलले पाहिजे. वर्षानुवर्षे गुडघ्यांवर बसून फरशी पुसल्याने गुडघ्याच्या वाटीपुढे पाणी साठून सूज येते. इंग्रजी वैद्यकात या दुखण्याला मोलकरणीचा गुडघा असेच नाव आहे. एका माणसाच्या कामावरून दुखण्याला नाव पडावे इतके ते जुने आणि सर्वत्र आहे. लांब दांड्याचा पोछा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. "बसून पुसल्याशिवाय स्वच्छ होत नाही" असे आपल्या घरात कोणी म्हणत असेल, तर त्या व्यक्तीने आठवडाभर स्वतः बसून पुसावे आणि मग मत द्यावे. लाकडी फरशीला तर दमट कपडाच लागतो आणि तो दांड्याच्या पोछ्याला उत्तम लागतो, फक्त हाताने पिळून घ्यावा.

महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या घरकाम करणाऱ्या व्यक्तीला मंडळाकडे नोंदणी करता येते. नोंदणीसाठी ती आपल्याकडे काम करते असा दाखला मालकाने द्यावा लागतो, आणि घोडे नेमके इथे अडते. आम्ही वस्तीत नोंदणीचे अर्ज भरून देतो, तेव्हा फॉर्म भरायला दहा मिनिटे लागतात आणि सही मिळवायला दोन-दोन महिने. सही दिली तर उद्या आपल्यावर काही येईल, अशी भीती शिकलेल्या माणसांनाही वाटते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या संरक्षणासाठी कायद्याची चौकट कशी असावी हे तपासण्यास समिती नेमा, असे केंद्र सरकारला सांगितले. कायदा व्हायचा तेव्हा होईल. सही आपल्या हातात आहे, ती आजही करता येते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरी लाकडी फरशी येवो, संगमरवर येवो, मखमली गालिचे येवोत. आपल्या माणसांच्या घरी हे सर्व यावे अशीच आमची इच्छा आहे. फक्त चार गोष्टी ठरवून टाकाव्यात. फरशी बसवताना बिल आणि प्रकार लिहून घ्यावा. ती कशी पुसायची हे पुसणाऱ्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी शेजारी उभे राहून, आदराने सांगावे. नुकसान झाले तर आधी कारण शोधावे, माणूस शोधू नये. आणि कारण सापडेपर्यंत कोणाच्या पगाराला हात लावू नये. आठवड्यातला एक दिवस तरी घरच्यांनी, त्यात मुलगे आणि पुरुषमंडळीही आली, स्वतः फरशी पुसावी. हे काम किती कष्टाचे आहे आणि त्यात किती कसब आहे, हे कपडा हातात घेतल्यावरच कळते. हे कसब ज्यांच्याकडे आहे त्यांना यापुढे आपण तरी अकुशल म्हणू नये.